थंडी पडायच्या आधी गरम पाण्याचं बघून घ्या: गिझर, गॅस गिझर, सोलर आणि बंब

आपल्या कोल्हापुरात घर तापवायची भानगड नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 14-15 च्या आसपास, एखाद्या आठवड्यात त्याच्या खाली, एवढाच काय तो खेळ, स्वेटर आणि कानटोपीत भागतंय. पण सकाळी सहाला नळाला गरम पाणी आलं नाही की घरात जे सुरू होतंय ते काय सांगायला नको, एकाला ऑफिस, एकाला क्लास, आजोबांना तर गार पाण्याचा हात लावून चालत नाही. म्हणजे आपली हीटिंग सिस्टिम म्हणजे न्हाणीतला गिझर, गच्चीवरचा सोलर आणि गावाकडं असेल तर परड्यातला बंब.

पावसाळ्यात गिझर झकास चालत होता, जानेवारीत अचानक काय झालं, असं सगळेच विचारतात. अचानक काही झालेलं नसतंय. समजा ऑक्टोबरात टाकीतलं पाणी 25 अंश आहे आणि जानेवारीच्या पहाटे तेच 18 वर आलंय, आंघोळीला लागतंय 42. आधी 17 अंश चढवायचे होते, आता 24, म्हणजे काम 40 टक्क्यांनी वाढलं. आतली कॉईल क्षारानं भरलेली असली तरी ऑक्टोबरात कसंबसं निभावून जातंय, जानेवारीत निभावत नाही, एवढंच.

त्यामुळं हे काम घट बसायच्या आधी काढा. वाकळा, चादरी, पडदे धुवायला आपण घर उलटं करतोच, त्याच आठवड्यात वायरमन नाहीतर प्लंबरला बोलवायचं. दिवाळीच्या तोंडावर फोन केला तर तो "उद्या येतो" म्हणतोय आणि तो उद्या भाऊबीजेनंतर उजाडतोय, त्याचंही बरोबर आहे म्हणा, सगळ्या गावाला तेव्हाच अभ्यंगस्नान आठवतंय.

साधा इलेक्ट्रिक गिझर

आधी पाणी कसलं येतंय ते बघा. शहरात नदीचं किंवा थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी येत असेल तर ते बोअरच्या मानानं मऊ असतंय, तिथं गिझर दोन वर्षांतून एकदा उघडला तरी चालतंय. उपनगरात, अपार्टमेंटमध्ये बोअरचं पाणी टाकीत मिसळत असतील तर दरवर्षी उघडायलाच लागतोय. ओळखायची सोपी खूण सांगतो, शॉवरची जाळी आणि नळाचं तोंड बघा, तिथं पांढरी खर धरली असेल तर गिझरच्या आत त्याच्या कितीतरी पट आहे, कारण पाणी तापलं की क्षार जास्त सुटतोय आणि सगळ्यात आधी कॉईलवर बसतोय. दुसरी खूण कानाला कळती, चालू केल्यावर आतून तडतड, खळखळ असा आवाज येतोय. आणि तिसरी घड्याळाला. 15 लिटरचा 2000 वॅटचा गिझर 20 अंशाचं पाणी 60 वर न्यायला साधारण 21-22 मिनिटं घेतोय, 25 लिटरचा 35 मिनिटांच्या आसपास. तुमचा दिवा विझायला याच्या दीडपट वेळ लागत असेल तर उघडायची वेळ झालीय.

उघडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा. बटण बंद केलं म्हणजे झालं नाही, एमसीबी पाडायची. मग गिझरच्या मागचा गार पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडून आतला दाब सोडायचा, आणि मग खालचा ड्रेन नट नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह सोडून पाणी बादलीत काढायचं. पाणी आधी स्वच्छ येतंय, मग शेवटी शेवटी त्यात पांढरट खपल्या आणि तांबूस गाळ यायला लागतोय. ती बादली तशीच मोरीत ओतू नका, खपल्या जाळीत अडकून मोरी तुंबती.

मग खालची प्लेट सुटती, तिच्याबरोबर कॉईल आणि शेजारी एक करड्या रंगाची दांडी बाहेर येती. ही दांडी म्हणजे मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड. हिचं काम एकच, टाकीच्या पत्र्याच्या ऐवजी आपण झिजायचं. नवी असते तेव्हा बोटाएवढी जाड असती, झिजत झिजत आतली तारच तेवढी राहती. तार दिसायला लागली की दांडी बदलायचीच, कारण तिच्यानंतर पाळी टाकीची असती आणि टाकी गळायला लागली की गिझर भंगारात. शंभर जणांना विचारलं तर नव्वद जणांना ही दांडी माहितीच नसती, आणि न विचारता बदलणारा मेकॅनिक नशिबानंच मिळतोय. तुम्हीच म्हणा, "अ‍ॅनोड दाखवा जरा."

कॉईलवरचा थर स्क्रू ड्रायव्हरनं ठोकून काढू देऊ नका, वरचं आवरण चिरतंय. किराणा दुकानात लिंबूफूल मिळतंय, ते कोमट पाण्यात घालून त्यात कॉईल तासभर बुडवून ठेवायची, थर फसफसून सुटतोय, मग जुन्या टूथब्रशनं घासायची, स्वच्छ धुवायची. टर्मिनलला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. प्लेटचं रबर गॅस्केट नवीनच घालायचं, जुनं परत बसवलं की महिन्याभरात टपटप सुरू.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. परत बसवल्यावर आधी पाणी भरायचं, गरम नळ उघडा ठेवायचा, आधी फसफस करत हवा येती, मग सलग धार लागती, ती धार लागल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. कोरडी कॉईल तापली की गेलीच म्हणायची.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं थोडं ठिबकतंय म्हणून काही लोक तिथं खुट्टी मारतात नाहीतर एमसील लावतात. अजिबात नको. पाणी तापलं की फुगतंय, ते जास्तीचं पाणी बाहेर पडायची तीच तर वाट आहे. गिझर बंद असताना सुद्धा दिवसभर ठिबकत असेल तरच व्हॉल्व्ह बदला. थर्मोस्टॅटची चकती असेल तर 55-60 वर ठेवा, फुल करून ठेवायची गरज नाही, नाहीतरी आपण त्यात गार पाणी मिसळतोच.

वायरिंगचं बघा. 2000 वॅटच्या गिझरला 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र लाईन आणि 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागती. पेठांतल्या जुन्या घरात पंख्याच्या लाईनवरनं गिझर ओढलेला अजूनही दिसतोय, प्लग काढून बघा, पिना काळपट झाल्या असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वितळल्यासारखं झालं असेल तर आधी ते काम करा. अर्थिंग आहे का हे वायरमनला टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा, तोंडी "आहे की" चालणार नाही. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बोर्डात नसेल तर यंदा बसवाच, ओल्या अंगानं आपण नळाला हात लावतोय, लीकेज झालं की हा झटक्यात लाईन पाडतोय. असेल तर त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं, पडला पाहिजे.

2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क या भागात ज्यांच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं होतं आणि तेव्हा नुसतं बोर्ड वाळवून भागवलं होतं, त्यांनी गिझरची लाईन एकदा मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासून घ्यावी. जॉइंटमध्ये गेलेला गाळ आणि गंज वाळला तरी जात नाही.

गॅस गिझर: इथं मात्र हयगय नको

बाकीचं बिघडलं तर गार पाण्यानं आंघोळ करायला लागती. गॅस गिझर चुकीच्या जागी असला तर माणूस जातोय. दर थंडीला अशा बातम्या येतात, बाथरूम आतून बंद, दार तोडलं, आणि पुढचं वाचवत नाही. थंडीतच का, कारण थंडीत आपण खिडकीची झडप लावतो, एक्झॉस्ट बंद ठेवतो आणि निवांत वेळ लावून आंघोळ करतो.

आत काय होतंय ते समजून घ्या. गॅस जळायला ऑक्सिजन लागतोय. चार बाय सहाच्या बंद न्हाणीत तो भराभर कमी होतोय, मग गॅस अर्धवट जळतोय आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतोय. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतोय म्हणून गळती कळती, या वायूला ना वास ना रंग. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतोय. आधी डोकं जड, मग मळमळ, गरगर, पायातलं बळ जातंय, आणि दाराची कडी काढायच्या आधीच माणूस खाली.

म्हणून गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, डक्टच्या बाजूला, गॅलरीत नाहीतर मागच्या उघड्या पॅसेजमध्ये, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तोपर्यंत आत असेलच तर दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, सिलेंडरचा कॉक बंद करायचा आणि मग आत जाऊन आंघोळ. गिझर चालू ठेवून शॉवर घ्यायचाच नाही. एक्झॉस्ट फॅन लावलाय म्हणून बिनधास्त राहू नका, खालून हवा आत यायला जागा नसेल तर तो फॅन नुसता गरगरतोय, दाराखाली फट नाहीतर जाळी पाहिजेच. सिलेंडर तर न्हाणीत कधीच नको.

कुणाला आत गरगरलं तर दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा, 108 ला फोन. "झोपू दे जरा, बरं वाटेल" असं करायचं नाही, दवाखान्यात न्यायचंच.

आता सर्व्हिसिंग. पावसाळ्यात बर्नरच्या भोकात कोळी जाळी करतात, बारीक किडे जाऊन बसतात, मग ज्योत निळी यायच्या ऐवजी पिवळी, लवलवती येती आणि वर काजळी धरती. पिवळी ज्योत दिसली की वापर थांबवा आणि मेकॅनिक बोलवा, बर्नर आणि वरचा तांब्याचा हीट एक्सचेंजर साफ करून घ्या. खाली डब्यात दोन मोठे सेल असतात, ते वर्षभर तसेच पडून पाझरतात, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर पट्ट्या पॉलिश पेपरनं घासून नवे सेल घाला. निम्म्या "गिझर पेटंना झालाय" तक्रारी इथंच मिटतात. उरलेल्या मिटतात गार पाण्याच्या जॉइंटमधल्या बारीक जाळीत, तिथं टाकीतली वाळू अडकलेली असती. दोन्ही करूनही पेटत नसेल तर पाण्याचा प्रेशर बघा, वरच्या मजल्यावर टाकी अगदी डोक्यावर असली की प्रेशर मिळत नाही.

गॅसचा केशरी पाइप पाच वर्षांनी बदलायचा, त्यावर तारीख छापलेली असती. रेग्युलेटर घरगुतीच, हॉटेलवाला हाय प्रेशरचा नको. पाइप, रेग्युलेटर, गिझरचा जॉइंट सगळीकडं साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले की गळती, काडी ओढून बघायचं शहाणपण कुणी करू नये. वास आलाच तर बटणं चालू-बंद न करता खिडक्या उघडा आणि 1906 ला फोन लावा, गॅस गळतीसाठीचाच नंबर आहे. एक बारीक गोष्ट, थंडीत सिलेंडर संपत आला की पहाटे ज्योत बारीक होती, सिलेंडरला घाम येतोय, गार पडतोय, कारण आतला द्रव गॅस तेवढ्या वेगानं वर येत नाही. बदला सरळ, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही.

गच्चीवरचा सोलर

सोलरवाल्यांचा समज असतोय की ऊन आहे म्हणजे सगळं आहे. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारी सुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण 50 अंशांवरच असतोय, मे महिन्यासारखा डोक्यावर येत नाही. म्हणजे सावल्या लांब. शेजाऱ्यानं उन्हाळ्यात वरचा मजला चढवला, दक्षिणेला टाकी बसवली, तेव्हा काही वाटलं नाही, पण थंडीत दहा वाजेपर्यंत तुमच्या सोलरच्या काचेच्या ट्यूब सावलीत. आत्ताच सकाळी नऊला आणि दुपारी तीनला गच्चीवर जाऊन सावली कुठवर येतीय बघा, डिसेंबरात ती अजून वाढणार. नारळाच्या झावळ्या असतील तर कापा, शेजाऱ्याचा मजला कापता येत नाही, स्टँड सरकवायला लागतोय.

मग ट्यूब. वाकून प्रत्येक ट्यूबचं खालचं टोक बघायचं. चांगल्या ट्यूबचा तळ आरशासारखा चांदीचा चकचकीत असतोय. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेच्या दोन थरांमधली पोकळी गेली, आत हवा शिरली. गंमत अशी की ती ट्यूब पाणी गळत नाही म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही, पण दिवसा गोळा केलेली ऊब रात्रभर बाहेर सोडत राहती. वीस ट्यूबमध्ये अशा चार-पाच असल्या की सकाळी कोमट पाणी ठरलेलं. पांढऱ्या तळाच्या तेवढ्या बदला, अख्खा सेट बदलायला कुणी सांगत असेल तर दुसऱ्याला विचारा.

काच पुसायची ती सूर्य वर यायच्या आधी नाहीतर संध्याकाळी निवल्यावर. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडकती. तसंच, टाकी रिकामी करून साफ करणार असाल तर भल्या पहाटे करा आणि ऊन चढायच्या आत भरून घ्या, उन्हात रिकामी ट्यूब 200 अंशांच्या आसपास तापती, त्यात गार पाणी सोडलं की संपलं. आपल्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या आसपासच्या गावांत बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काळी राख गच्चीवर पडती, शेतात पाचट पेटवलं की अजून वेगळी, त्या पट्ट्यातल्या लोकांनी नोव्हेंबरनंतर पंधरा दिवसांनी एकदा तरी ट्यूब पुसायलाच पाहिजेत.

टाकीच्या वरची एअर व्हेंटची नळी मोकळी आहे का बघा, पावसाळ्यात त्यात कुंभारीण माशी मातीचं घर करती. ती तुंबलेली असताना खालून टाकी रिकामी केली तर आत पोकळी होऊन टाकी आत चेपती. खालचा ड्रेन कॉक उघडून गाळ जाऊ द्या, बोअरवाल्यांना इथंही क्षार निघणारच.

खाली येणाऱ्या पाइपवरचा काळा फोम उन्हानं कुजून गेलेला असतोय, हात लावला की भुगा होतोय. नवीन स्लीव्ह घालून वर अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळा, लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात मिळतंय सगळं. पाइपमधलं अर्धी बादली गार पाणी आधी येणारच, ते भांड्याला नाहीतर झाडांना.

घरात निम्मी मंडळी रात्री आंघोळ करत असतील तर लक्षात ठेवा, रात्री जेवढं गरम काढलं तेवढं गार टाकीत शिरतंय आणि सकाळपर्यंत सगळं मिसळून कोमट. बॅकअपची कॉईल रात्रभर लावून ठेवू नका, 200 लिटर पाणी 10 अंश वर न्यायलाच सव्वादोन युनिटच्या वर वीज लागती, पहाटे तासभर आधी लावा.

बंब

करवीर, कागल, पन्हाळ्याकडं अजून कितीतरी घरी तांब्याचा बंब आहे आणि खरं सांगायचं तर त्या पाण्याला तोड नाही. आत कल्हई उडाली असेल तर करून घ्या. मधल्या नळीत वर्षभराची काजळी असती, ती लांब ब्रश नाहीतर काठीला गोणपाट बांधून काढा, नळी चोंदली की धूर खालून तोंडावर येतोय. तोटीचा वॉशर बदला. सांध्यातून पाझरत असेल तर कासाराकडून झाळून घ्या, एमसील तिथं टिकत नाही. पाणी भरल्याशिवाय जाळ करायचा नाही, झाळलेले सांधेच सुटतात. शेणी, करवंट्या, लाकडं पावसाळ्यात दमट झालेली असतात, दसऱ्याच्या उन्हात चांगली वाळवून घ्या. प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेलं लाकूड, प्लास्टिक त्यात घालू नका, धूर वाईट. आणि बंब परड्यातच, थंडी वाजती म्हणून न्हाणीत घेऊन दार लावायचं नाही, गॅस गिझरला जे सांगितलं तेच इथं. निखाऱ्याची शेगडी रात्री खोलीत घेऊन झोपणाऱ्यांनाही तेच.

रॉड वापरणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. वायर तडकलेली असेल तर नवा आणा, आयएसआयचा, चिकटपट्टीनं भागवू नका. पाण्याच्या खुणेपर्यंत बुडवूनच बटण, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघायचं नाही. बादली गरम व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात लहान पोर तिकडं जाणार नाही अशा जागी ठेवा.

हे सगळं झालं की दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी पहाटे एकदा पूर्ण ट्रायल घ्या, घरातले सगळे एकापाठोपाठ आंघोळीला, चौथ्या माणसाला पाणी कसं येतंय तेच खरं. आणि ड्रॉवरमध्ये दोन मोठे सेल, दोन-चार वॉशर, टेफ्लॉन टेप आणि लिंबूफुलाची पुडी टाकून ठेवा, वायरमनचा नंबर फ्रीजवर चिकटवा, नुसता मोबाईलमध्ये नको, तुम्ही घरात नसताना आईला लागतोय.